शुक्रीचा बोलका डबा

मित्रांनो, तुमच्याही घरात फळीवर धूळ खात पडलेली एखादी वस्तू असेलच. रानशेतच्या एका पाड्यावर ती वस्तू मी आहे. निळ्या प्लॅस्टिकचा, पाठीवर उन्हावर चार्ज होणारी पाटी असलेला बोलका डबा. बोलका हे आता नुसतं नावापुरतं.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथल्या मुलींनी माझ्या पोटात तारा जोडल्या, एक बटण आणि एक लाल दिवा बसवला. आवाज मात्र माझा स्वतःचा नाही. नखाएवढं एक कार्ड माझ्या कुशीत सरकवलं, त्यात येशूचं शुभवर्तमान साध्या मराठीत भरलेलं होतं. कार्ड आहे तोवर मी बोलणार, एवढंच माझं कर्तृत्व. तरी ताठा केवढा होता मला!

डहाणूच्या प्रार्थनामंडळीतल्या संगिताताईंनी मला शुक्रीच्या हातात दिलं. शुक्री तेव्हा पासष्टी उलटलेली. नवरा गेल्यावर तिने येशूला धरलं होतं, एकटीनेच. मुलगा नितीन आणि सून दक्षा घरच्या देवांचं करत आणि तिला "तुजा तुला" म्हणून सोडून देत. शुक्रीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिचा वाचणारा झालो.

पाच वर्षं मी तिची सेवा केली. सकाळी ती मला वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी उन्हात ठेवी आणि मग बटण दाबून नागलीच्या भाकऱ्या थापायला बसे. येशू पाच भाकरींत हजारोंना जेवू घालतो तिथे माझ्याशी वादही घाली. "एवढ्या लोकांना जेवू घातलास, भांडी कोणी घासली ता सांग!" पाड्यावरच्या बाया हसत, पण कामं बाजूला ठेवून ऐकत बसत. ते माझे सुखाचे दिवस.

तिची एक खोड होती. येशूला पकडून नेतात तिथे त्याचा एक शिष्य येतो, होडीवाला कोळी. तो घाबरून तीन वेळा सांगतो की मी ह्या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवतो आणि तो ढसाढसा रडतो. शुक्रीही त्याच्याबरोबर रडे. पुढे येशूला मारहाण सुरू झाली की मला लगेच बंद करी. "ता मना ऐकवत नाय. तो परत उठला, माहीत हाय मना. बस झाला." दुसऱ्या दिवशी पुन्हा येशूच्या जन्मापासून सुरुवात. पाच वर्षांत तिने माझा शेवट कधी ऐकला नाही. मला त्याची गंमत वाटायची, आज स्वतःचीच लाज वाटते.

गेल्या वर्षी चार वर्षांची नात, योगिता, तापाने फणफणली. दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या, तरी भगताने गावदेवाला कोंबडा द्यायला सांगितला, आणि घरातल्या मोठ्या बाईनेच तो हातात धरायला हवा म्हणाला. शुक्री नको म्हणाली. तेव्हा दक्षा कडाडली, "पोरीला काय झाला तर तुजा येशू परत देल काय?" शुक्रीने कोंबडा धरला. गावदेवाबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि कुठल्या आजीने धरला नसता? तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

त्याच आठवड्यात नितीनला मित्राच्या हळदीसाठी तलासरीला गाणी न्यायची होती. आई पाण्याला गेलेली बघून त्याने माझं कार्ड काढलं, मोबाइलमध्ये घालून सगळं पुसून टाकलं आणि नाचाची गाणी भरली. मला पुन्हा मिरच्यांशेजारी ठेवून दिलं.

रविवारी सकाळी शुक्रीने बटण दाबलं. लाल दिवा लागला, आवाज काही येईना. तिने मला पदराने पुसलं, उन्हाकडे वळवलं, पुन्हा दाबलं.

"रुसलास काय रे?" तिने हळूच विचारलं.

नितीन अंगणात दात घासत होता. "रुसेलच ना, आये," तो म्हणाला. "कोंबडा धरलास ना तू गावदेवाचा." दक्षा तोंडाला पदर लावून हसली.

थट्टाच होती. पण शुक्रीचा चेहरा उतरला. त्या रविवारी ती प्रार्थनेला गेली नाही, नातीजवळ घरी बसली. पुढच्या रविवारीही बसली. दक्षाला रविवारीही चिकूच्या वाडीत कामाला जाता येऊ लागलं. मग कार्डाचं कुणी नावच काढलं नाही. सोयीचं झालं की माणसांना बरंच काही आठवेनासं होतं.

महिन्याने संगिताताई चौकशीला आल्या. शुक्री मला घेऊन कुडाआड जाऊन बसली. "मी नाय घरात, सांग," ती पुटपुटली. "कोणत्या तोंडाने जाऊ?"

"डोकरी लेकीकडं गेलीय," दक्षाने दारातूनच सांगितलं.

"आणि डबा? चालतोय ना नीट?"

"मस्त चालतो."

ताई गेल्या. शुक्री मला मांडीवर घेऊन म्हणाली, "तो कोली रडला. मग त्याचा काय झाला रे? हाकलून दिला काय त्याला?"

मित्रांनो, मला ठाऊक होतं! शब्दन्‌शब्द ठाऊक होतं. पुढे समुद्रकिनाऱ्यावर येशू स्वतः निखारे पेटवतो, मासे भाजतो, त्या कोळ्याला जेवू घालतो. तीन वेळा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे ना? आणि आपल्या माणसांना सांभाळायचं काम त्याच्याच हाती देतो. नाकारणाऱ्याला कुणी हाकललं नाही, शुक्री! हे एवढंच मला तिला सांगायचं होतं, आणि माझ्याकडे नुसता लाल दिवा होता.

पावसाळ्यानंतर ती अंथरुणाला खिळली. खायची नाही, आणि प्रार्थनाही करायची नाही. "ऐकणाराच नाय आता," म्हणायची. एका दुपारी नितीनला ते सोसलं नाही. तिचे पाय धरून तो रडू लागला. "आये, कार्ड मी काढला होता. देव नाय रुसला. मी काढला, मी पुसला."

शुक्रीने त्याच्याकडे पाहिलं. किती मायेने पाहिलं म्हणून सांगू! त्याच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "माझ्यासाठी खोटा नको बोलू, पोरा. पाप लागल तुला."

दोन दिवसांनी ती गेली. तिच्या ओठांवर शेवटपर्यंत प्रार्थना आली नाही.

मित्रांनो, मला पुसा, उन्हात ठेवा, नवं कार्ड घाला, असं मी मागत नाही. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस कशाच्या आधाराने जगतं आहे, तेवढं बघून ठेवा. थट्टेत तो आधार काढून घेतलात, तर त्याच दिवशी कबूल करा. दुसऱ्या दिवशी जीभ जड होते. आणि कित्येक महिन्यांनी सांगितलंत, तर तुमची आईच तुम्हाला म्हणेल, खोटं बोलू नकोस.