दुसरीची पाथ

“थांब बेटी, घाबरू नोको. तुही पाथ मी ओढतो.”

रंजितानं कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली, पराटीच्या पहिल्या बोंडाला हात घातला आणि तो आवाज कानाशी आला. याडीचा, तिच्या आईचा. याडीला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण रानात पाय पडला की ती अशी मागून बोलते.

रंजिता वेचायला आली नव्हती. घाटंजीच्या अलीकडे रस्त्यालगतच्या गावात ती मास्तरीण. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून तिच्या वर्गात येणारी जमनी दिवाळीनंतर शाळेत फिरकलीच नव्हती, म्हणून रविवार साधून ती शेतात आली होती. पण जमनीची आई रुखमाबाई मान वर न करता म्हणाली होती, “बोला ना मॅडम. पण हात चालू ठेवून बोला. संध्याकाळी कापूस मोजा लागते, बोलणं कोणी मोजत नाही.”

बाकीच्या बाया हसल्या होत्या. एकीनं स्वतःची जुनी ओढणी ओटी म्हणून तिच्या अंगावर फेकली होती.

जमनी हसली नाही. मॅडमला पाहून ती दोन ओळी पलीकडे सरकली आणि पाठमोरी वेचत राहिली. तिच्या गळ्यात नवा काळा दोरा होता.

रानात बाया अशाच ओळीनं कामाला लागतात. जिच्या वाट्याला जी ओळ, ती तिची पाथ. लहानपणी निंदताना रंजिता मागं पडायची, रडवेली व्हायची. मग याडी आपली पाथ सोडून तिच्या पाथीत शिरे, हातासरशी चार पावलं निंदून देई, आणि मायलेकी पुन्हा सगळ्यांच्या बरोबरीनं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या मालकाला सगळ्या बाया एका रेषेत दिसत. मागं कोण होती, हे त्याला कधी कळलं नाही. आपलं माणूस मागं दिसू द्यायचं नाही, हे रंजिता अक्षरांच्याही आधी शिकली होती.

जुलैत शाळेत टॅब आले. त्यात शिकवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता होती, गोड आवाजाची, ज्या पोराला जे येत नाही तेवढंच त्याला समजावणारी. आधी प्रत्येकानं एक चाचणी द्यायची. कोण कुठवर आलं आहे ते तिला कळलं, की तिथून बोट धरून ती पुढं न्यायची. पोरं हरखली. पण जमनी तेव्हा आईसोबत निंदणाला गेलेली. दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला येणार, आणि पडद्यावर सगळ्या नावांपुढं रंग भरलेले, जमनीपुढं तेवढं कोरं.

“तांड्याचंच नाव राह्यलं वाटते,” शेजारच्या वर्गाच्या विमलताई चष्मा पुसत म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. रंजिता मात्र स्वतः तांड्यावरची होती.

शाळा सुटल्यावर ती जमनीच्या जागेवर बसली आणि चाचणी दिली. मध्ये एक-दोन उत्तरं मुद्दाम चुकवलीसुद्धा, लेकरानं दिल्यासारखी वाटावीत म्हणून. जमनीचं नाव हिरवं झालं आणि यादीत वर चढलं. त्या संध्याकाळी घरी जाताना रंजिता गुणगुणत होती.

मग जमनी शाळेत आली आणि टॅबपुढं बसली. हातचा घ्यायला अजून बोटं लागणाऱ्या पोरीपुढं अपूर्णांक उभे राहिले. तिला जमलं नाही. यंत्र रागावलं नाही. एक पायरी खाली उतरलं, भाकरीचे तुकडे करून दाखवले, पेरू कापून दाखवला. तरी जमेना, तेव्हा मायेनं म्हणालं, “हे तर तुला येत होतं, जमनी! आठवून बघ बरं.”

रोज तेच. आठवून बघ. येत होतं तुला.

आधी जमनीचे ओठ हलायचे. मग ती कोपरानं पडदा झाकू लागली. मग कुठलंही उत्तर दाबून तास संपायची वाट पाहू लागली. रंजिता फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायची. चाचणी नव्यानं घ्यायची सोय टॅबमध्ये होती, पण तिथं कारण विचारलेलं होतं, आणि ते कारण मुख्याध्यापकांपुढं जायचं. रोज तिचं बोट तिथवर जाई. रोज कुणीतरी हाक मारी, किंवा तिला तसं वाटे.

“मॅडम, मागं राह्यले तुमी,” रुखमाबाई लांबून ओरडली. “पगार घेऊन हात नरम झाले का?”

“झाले बाई,” रंजिता म्हणाली.

बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरखडली होती. तिची पाथ सगळ्यांच्या मागं लोंबत होती. ओटीत जेमतेम मूठभर कापूस.

“रुखमाबाई, जमनीला उद्यापासून पाठवा,” ती शाळेतल्या भाषेत म्हणाली. “वर्ष वाया जाईल तिचं.”

रुखमाबाई थांबली. ओटीतला कापूस दाबत जवळ आली आणि आवाज उतरवून बोलली, “कशी पाठवू? पोरीच्या डोक्यात काही राह्यत नाही आता. आधी येत होतं मने तिले, सारं भुलून राह्यली. रात्री झोपेत रडते. भगताले दाखवलं, दोरा बांधला. पुढच्या हप्त्यात मामाच्या टोळीसंगं उसाले पाठवतो. तिथं कायले डोकं लागते?”

“कोणी सांगितलं भुलते म्हणून?”

“तिनंच सांगतलं. तुमची मशीन रोज म्हणते मने.”

रंजिता पुन्हा बोंडांवर वाकली. तोच शेजारच्या झाडाच्या फांद्या हलल्या. जमनी तिच्या पाथीत आली होती. मान खाली, दोन्ही हात भराभर चाललेले. बोंडं जणू आपणहून तिच्या मुठीत उतरत होती. मूठ भरली की ती रंजिताच्या ओटीत रिती करी.

“जमनी, राहू दे.”

“तुमाले नाही होत मॅडम. तुमची पाथ मी ओढतो.” आणि जरा वेळानं, तिच्याकडे न पाहता, “तुमी माह्यावर राग नोका करू. मी लई आठवून पाह्यलं. खरंच. त्या मशीनवरली बाई कधी रागावत बी नाही, म्हणून जास्तच लाज वाटते. ती कायले खोटं बोलन? मले येत असन तवा. आता नाही येत.”

दोघी बायांच्या रेषेत येऊन पोचल्या. धुऱ्यावरून कुणी पाहिलं असतं, तर सगळ्या बरोबरीत दिसल्या असत्या.

रंजितानं ओटीची गाठ सोडली. कापूस सरीत सांडला. जमनी तो गोळा करायला वाकली, तशी रंजितानं तिचा हात धरला. तो सुटत नाही हे पाहून रुखमाबाईही वेचायची थांबली, आणि तिच्यामागं एकेक करून बाकीच्या.

“कापूस राहू दे,” रंजिता म्हणाली. शाळेतली भाषा गळून पडली होती. “ती मशीन खोटं नाही बोलली, जमनी. मी बोलली. तू निंदणाले गेलती ना, तवा तुह्या नावाची चाचणी मीच देल्ली. तू काहीच भुलली नाहीस, बेटी. ती तुले येत होतं म्हणे ना, ते तुले नाही, मले येत होतं.”