खंडेनवमीचे तेल

मित्रांनो, मी एक जुनी, लाल रंगाची, लहान चणीची मोटारगाडी आहे. शहाडच्या एका उंच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगच्या कोपऱ्यात, फाटक्या कव्हराखाली उभी आहे. गाड्यांनी आपली कहाणी गोड आवाजात सांगायची असते म्हणे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

मला निवडले ते प्रितमने. ही इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्याच्या घरच्यांचे भाताचे शेत होते. शेत गेले, पैसा आला आणि त्याचे वडील गोपीनाथ यांनी भावकीतल्या सगळ्यांसारखी उंच, पांढरी गाडी घेतली. मुलानेही तशीच घ्यावी हा त्यांचा हट्ट होता. प्रितमला मात्र दिसायला लहान आणि पळायला चपळ गाडी हवी होती. रोज वागळे इस्टेटमधल्या कामावर नेईल आणि सुट्टीच्या दिवशी घाटापलीकडच्या ट्रॅकवर, म्हणजे शर्यतीच्या बंद रस्त्यावर, मनसोक्त धावेल अशी. कितीतरी गाड्या चालवून पाहिल्यावर त्याने मला पसंत केले. एवढी जमीन विकून पोराने डबडे आणले, असे गोपीनाथ चारचौघांत म्हणाले.

त्याने मला तयार केले तेही डोके ठिकाणावर ठेवून. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लाव, गाडी जमिनीलगत बसव, असे मित्र सांगत. रोज त्याच खड्ड्यांतून जायचे आहे, म्हणून त्याने ते मनावर घेतले नाही. त्याने आधी टायर बदलले आणि मग ब्रेक. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गाडी थांबते. माझ्या नव्या डिस्क चाकाच्या आऱ्यांमधून चकाकत असत. "पळणारी गाडी कोणपण बनवतो रे, मला थांबणारी पाहिजे," असे तो मित्रांना सांगे. ट्रॅकवर अवघड वळण आले की त्याचा पाय ब्रेकवर पडे आणि मी त्याच्या मनाप्रमाणे वेग आवरून घेई. लोक जवळ येऊन माझी विचारपूस करत. ते दिवस आठवले की अजून जीव तुटतो.

घरात माझी बाजू घेणारे एकच माणूस होते, प्रितमची आजी तुळसा. तिचे आयुष्य शेतात गेले होते. नांगर, कुदळी, फावडी सगळे गेले आणि एक विळा तेवढा उरला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अवजारे धुवायची, त्यांना तेल लावायचे आणि पूजा करायची, ही तिची जन्माची रीत. त्या वर्षी प्रितमने सकाळी मला धुतले आणि दुपारी तो झोपला. पाणी लागले की डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि गाडी चालवून ब्रेक दाबला की निघूनही जातो. आजीला हे कुठून ठाऊक असणार? नातवाच्या नव्या लोखंडाला गंज लागलेला पाहून तिला राहवले नाही. आऱ्यांमधून बोटे घालून तिने पुढच्या दोन्ही डिस्कना खोबरेल तेल चोळले. मायेने चोळले आणि भरपूर चोळले. मला वाचा असती तर मी सारी इमारत गोळा केली असती.

दसऱ्याला आजीला माहेरी खडवलीला जायचे होते, आपट्याची पाने द्यायला. ती पुढे बसली. प्रितमने मला जागेवरून काढले आणि खाली जाणाऱ्या उतारावर आणले. त्याने ब्रेक दाबला. पुढचे पॅड तेलावरून नुसते घसरले आणि उतारावर मागच्या चाकांचा जोर पुरला नाही. त्याने हॅन्डब्रेक ओढेपर्यंत आम्ही समोरच्या खांबावर आदळलो होतो. प्रितमला खरचटलेही नाही. आजीचा खुबा मोडला.

मग काय विचारता! ज्याला त्याला माझा वेग आठवला. पायी चालणारा माणूस मागे पडणार नाही इतक्या वेगात मी होते, पण ऐकतो कोण? शर्यतीची गाडी दारात आणली की हेच व्हायचे, असे गोपीनाथ म्हणाले. दोन दिवसांनी प्रितमने माझे चाक उघडले, डिस्कवरून बोट फिरवले आणि वास घेतला. वास आजीच्या खोबरेलाचा होता. "आजीला कळलं तर ती जगायची नाय," एवढेच तो पुटपुटला. त्याने डिस्क पुसली, चाक बसवले आणि वडिलांना सांगितले, "चूक माझी, मीच वेगात होतो." ट्रॅक त्या दिवशी सुटला. मीही त्याच्या हातून सुटले. त्याने आजीला वाचवले हे मला कळते, पण त्यासाठी माझे नाव बुडाले, हे मी का विसरावे?

यंदाच्या खंडेनवमीला आजी काठी टेकत खाली आली. विळ्याची पूजा झाली, पांढऱ्या गाडीला फुले वाहिली. माझ्यासमोर ती थांबली. "तुला तेल लावला, हलद लावली, तरी फिरलीस गं मेले," ती म्हणाली. प्रितम तिच्या मागे ताट धरून उभा होता. त्याने मान खाली घातली.

मित्रांनो, माया करा, पण जिच्यावर करता तिला काय चालते ते आधी विचारा. आणि दोष देण्याआधी एकदा चाक उघडून बघा. म्हाताऱ्या गाडीचे एवढे तरी ऐका.

त्या दिवशी पुढे आजी तेलाची बाटली घेऊन पांढऱ्या गाडीच्या चाकाशी वाकली. प्रितमने घाईने तिच्या हातातून बाटली घेतली. "तू बस आजी, मी लावतो," तो म्हणाला. मग तो चाकाशी बसून बराच वेळ कोरडाच हात फिरवत राहिला आणि आजी समाधानाने बघत राहिली.