उधाणातलं मैदान

कॉलेजच्या मैदानावर नवी इमारत उभी राहायला लागली, तेव्हापासून फुटबॉलची टीम किनाऱ्यावर खेळायची. किहीमच्या अलीकडचा हा किनारा ओहोटीला इतका कडक होतो की त्यावरून मोटरसायकल जाते. जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या स्पर्धेनेही हे मैदान चालवून घेतलं होतं, कारण मैदानाच्या नावाने सगळ्यांचीच रड होती.

या वर्षी तिथे सम्यक प्रशिक्षक म्हणून आला. पोरगा उरणचा, वडील न्हावा शेव्याला क्रेनवर. अंगात रग, डोक्यात शिस्त आणि नोकरी एका वर्षाच्या करारावर. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "दोन वर्षं ही टीम एकही मॅच जिंकलेली नाही. या हंगामात एक तरी जिंका, नाहीतर टीम बंद. मग तुमचंही इथे काम उरणार नाही."

एक मॅच! सम्यकला वाटलं, त्यात काय एवढं. आधीचे सर मॅच ठेवायचे भर दुपारी, डोक्यावर ऊन तापलेलं असताना. पोरं भाजून काढायची ही कुठली पद्धत? सम्यकने घरच्या सगळ्या मॅच संध्याकाळच्या करून टाकल्या. कोणत्या दिवशी संध्याकाळी ओहोटी असते, वाळू रुंद मिळते, एवढं त्याने नीट बघून घेतलं आणि त्याच तारखा दिल्या. टीममधली कोळ्यांची पोरं घरच्या मासेमारीच्या बोटीवर जायची, त्यांच्यासाठी दुसरं फर्मान काढलं, "बोटीचं कारण माझ्यापुढे सांगायचं नाही. बोट किंवा बॉल, एक काय ते ठरवा."

पोरं गुणी. त्यांनी बोटीचं कारण खरंच कधी सांगितलं नाही.

घरच्या पहिल्या मॅचला गोलकीपर विनेशला ताप आला. बचावातला निकेत आत्याच्या लग्नाला गेला. त्याचा चुलत भाऊ जयेश, तोही त्याच आत्याच्या लग्नाला. दुसऱ्या मॅचला पुन्हा ताप आणि पुन्हा आत्या. बाहेरगावच्या मॅचला मात्र कधी ही तिघं हजर, तर कधी गायब. बदली खेळाडू म्हणून कोणाला उभं करावं तर कॉलेजात अकराच्या वर चेंडूला पाय लावणारं कुणी नव्हतंच. हरता हरता हंगाम शेवटच्या मॅचवर येऊन ठेपला. ती घरची होती, शनिवारी चार वाजता. सम्यकला जेवण जाईना. चिडचिड एवढी वाढली की खोलीत जोडीला राहणारा क्लार्क दुसरीकडे झोपायला जाऊ लागला.

गुरुवारी विनेश सरावाला आला नाही. सम्यक तडक कोळीवाड्यात गेला. विनेशची आई केसर ओट्यावर बसून टोपल्या धूत होती.

"विनेशचा ताप कसा आहे?"

"कसला ताप?" केसर हसायला लागली. "तो बंदरावर बर्फ भरतो. आज बोट सुटणार. उधाण न्हाय का?"

"उधाणाचा काय संबंध?"

तिने त्याच्याकडे असं बघितलं, जणू या शिकलेल्या माणसाचं कसं व्हायचं. "सर, पुनवेला, अवसेला पान्याला ओढ असते. ओढ असली तर डोलीचं पिशवीवानी जालं फुगतं, मावरं मिलतं. भांगाला, आठमीच्या सुमाराला, पानी मेलेलं, तवा बोटी घरी. भांगाला वालू दुपारची उघडी पडते, म्हनून तुमचे आधीचे सर तवाच मॅच ठेवायचे. आमची पोरं सगली असायची."

सम्यकने मनातल्या मनात तारखा आठवल्या. उधाणात संध्याकाळी पाणी लांब जातं, म्हणून त्याने नेमके तेच दिवस निवडले होते. मैदान मोठं मिळावं म्हणून त्याने आपल्याच हाताने टीम समुद्रावर पाठवली होती. एकदा नाही, सबंध हंगामभर.

मग तो धावला. पाहुण्या कॉलेजला फोन लावला. ते म्हणाले, तारीख बदलणार नाही, शनिवारी खेळा नाहीतर हरल्याचं लिहून द्या. तो बंदरावर गेला. विनेशचा बाप शिवदास, बोटीचा तांडेल म्हणजे मुख्य, दोरखंड आवरत होता; निकेत आणि जयेशही त्याच बोटीवर होते.

"काका, पाया पडतो. या तिघांना ठेवून जा."

"ठेवून जाऊ तर जालं कोन ओढील? मी एकटा?" शिवदास चिडला नाही, आणि तेच सम्यकला जास्त लागलं. "मास्तर, मना बी हौस हाय. बारावी झाल्यावर पोरगा बोटीवर येनार होता. बॉलपायी कॉलेजात गेला. मी म्हनलं, बॉल हाय तवर शिक."

"टीम बंद होईल, काका."

विनेश बर्फाची पाटी खाली ठेवून ऐकत होता. शिवदासने पोराकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"शनवारी लवकर फिरवतो बोट. पन पान्याचं माज्या हातात न्हाय."

शनिवारी वाळू नुसती पसरली होती. एवढं मैदान वर्षभरात मिळालं नव्हतं. त्यावर आपली आठ पोरं. प्राचार्य गाडी लावून खुर्ची टाकून बसले होते. शिट्टी झाली आणि विसाव्या मिनिटाला आपल्यावर गोल बसला. गोलात उभा असलेला पोरगा शेतकऱ्याचा, चेंडूपेक्षा जास्त सम्यककडेच बघत होता.

मध्यंतराला कुणीतरी ओरडलं, "बोट आली!"

आली होती खरी. पण खाडीच्या तोंडाशी पाणी नव्हतं. बोट बाहेरच नांगर टाकून थांबली, भरती येईपर्यंत तिला आत शिरायला वाव नव्हता. ज्या ओहोटीने त्याला मैदान दिलं होतं, तिनेच बोट अडवली होती. पान्याचं माज्या हातात न्हाय, याचा अर्थ सम्यकला आत्ता कळला, आणि त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तेवढ्यात बोटीवरून तीन डोकी पाण्यात पडली.

पोहून झालं की पुढे चिखल. मांडीएवढ्या चिखलातून तिघं पाय उपसत येत होते, पडत होते, पुन्हा उठत होते. सम्यक काठावर उभा राहून वेड्यासारखा हाका मारत होता. ते वाळूवर पोचले तेव्हा मॅच संपायला थोडाच वेळ उरला होता. पंच म्हणाले, यादीत नावं आहेत, खेळू द्या.

दोन रात्री न झोपलेली पोरं ती. विनेशचे तळहात दोरीने सोलवटलेले. तरी त्याने एक चेंडू असा छातीवर घेतला की पाहुण्यांनीही टाळ्या दिल्या. निकेतने डोक्याने गोल केला. एक-एक! मग अकरा जणांनी जीव तोडून धाव घेतली. शेवटी जयेशचा फटका खांबाला लागून बाहेर गेला आणि शिट्टी वाजली.

बरोबरी. जिंकणं नव्हे.

सम्यक प्राचार्यांकडे गेला, चप्पल कुठे राहिली तेही त्याच्या ध्यानात नव्हतं. "सर, आज बघितलंत ना? अजून एक संधी द्या. माझी चूक होती, पोरांची नाही. मला काढा, टीम ठेवा."

"चांगले खेळले," प्राचार्य म्हणाले, "पण ठरलं ते ठरलं." ते गाडीत बसले.

तो परत वळला तेव्हा पोरं वाळूत बसून हसत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. हरले नव्हते, दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याला येताना बघून सगळी उठली. घरच्या मैदानावर या हंगामात आज पहिल्यांदाच अकराच्या अकरा जण त्याच्यासमोर उभे होते.

विनेशने चिखलाचा हात चड्डीला पुसला. "सर, आता आपली मॅच कवा हाय? बाबांना आधीच सांगून ठेवतो."

सम्यकला खोटं सांगावं असं फार वाटलं. पण या पोरांनी वर्षभर त्याच्यामुळेच खोटं सांगितलं होतं.

"नाही रे," तो म्हणाला. "आता मॅच नाही."