खव्याच्या फ्रीजरवरची डबी

मी डबी बोलतेय. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, पांढरी, अंगावर एक बारीक हिरवा दिवा. माझं खरं नाव इंग्रजी आहे, ते खोक्यावर छापलेलं होतं. पण त्या खोक्यात आता हळकुंडं आहेत, आणि तामलवाडीत मला सगळे डबीच म्हणतात. मीही ओ देते.

माझं काम सोपं. माझ्या अंगातून एक वायर निघते, ती झाकणाच्या रबराखालून फ्रीजरच्या पोटात जाते. आत किती गार आहे ते मी दर मिनिटाला बघते आणि इंटरनेटवरून मालकाच्या मोबाईलला कळवते. गारवा कमी झाला की मोबाईल बोंबलतो. थोडक्यात काय, एकाच्या पोटातलं काढून घ्यायचं आणि दुसऱ्याच्या कानात घालायचं. माणसांत याला चोंबडेपणा म्हणतात. माझ्या खोक्यावर त्याला सोय म्हटलं होतं.

जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. आम्हा सगळ्यांना एकदा बर्फात आणि एकदा कोमट पाण्यात बुडवलं, आणि जी खोटं बोलली तिला बाजूला काढलं. मी खरं बोलले म्हणून पास झाले. खरं बोलून पुढं काय काय भोगावं लागतं, ते तिथं कुणी सांगितलं नाही.

माझे मालक कल्याणप्पा. सोलापूर-तुळजापूर रस्त्याला लागून त्यांचं पेढ्याचं दुकान. भूमकडून खवा येतो आणि आडव्या फ्रीजरमध्ये राहतो. तीन वर्षांपूर्वी ऐन कोजागरीच्या तोंडावर फ्रीजर बंद पडला आणि चाळीस किलो खवा आंबला. सोलापूरहून देवीला चालत निघालेली माणसं दारावरून जात होती, आणि कल्याणप्पा रिकाम्या परातीसमोर बसून होते. त्या दिवसापासून माणसानं गाव सोडलं नाही. लग्न नाही, बारसं नाही, कुणाच्या मातीला जाणं नाही. विचारलं की एकच उत्तर, "फ्रीजरला कोण बघंल?"

आणि बघायचे कसे? दर थोड्या वेळानं झाकण उघडून आत तळहात घालायचे. गारवा आहे का ते बघण्यासाठी गारवा बाहेर सोडायचा! माझ्या आधी हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, फ्रीजर बोलतो थोडाच.

मला आणलं त्यांच्या लेकीनं, शिवांजलीनं. ती सोलापुरात नोकरीला आहे. मला भिंतीला चिकटवलं आणि आठ दिवसांनी येऊन मी लिहून ठेवलेलं वाचलं.

"आप्पा, दिवसातून बावीस बारी झाकण उघडलंय तुमी. खव्याला काय हवा खायला काढता का?"

"डबीला काय कळतंय? माझा हात तीस वर्षांचा हाय."

"हात इथं ठेवून गावाला जाता येत न्हाय ना. डबी इथं ऱ्हाती. तुमी जावा."

आत कल्याणप्पांच्या पत्नी शांतम्मा कणीक मळत होत्या. त्यांचा हात थांबला. कुठं जायचं ते त्यांना पाठ होतं. त्यांचं माहेर आळंदचं, कर्नाटकातलं. आई नव्वदीच्या पुढची. शांतम्मा दरवर्षी एकट्याच एस.टी.नं जायच्या, आणि म्हातारी त्यांच्या खांद्यावरून मागं बघत विचारायची, "अळ्यारु बंद्रेनु?" म्हणजे जावई आले का. लेकीची खुशाली त्यानंतर.

माझंही सगळं बरोबर होतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात वीज गेली, तर तिच्याबरोबर इंटरनेटही गेलं. म्हणजे जेव्हा ओरडायचं तेव्हाच माझं तोंड बंद! शिवांजलीनं त्या इंटरनेटच्या डब्याला एक छोटी बॅटरी जोडली, तेव्हा कुठं मी बिनदिक्कत बोलू लागले. हळूहळू बाविसाचे सहा झाले. खवा टणक राहू लागला. कल्याणप्पा मात्र झाकण उघडायचं सोडून मोबाईल उघडू लागले, एवढाच फरक.

मग आलं नवरात्र. आळंदहून फोन आला, म्हातारी दोन घास घेते आणि दाराकडं बघत बसते.

शांतम्मांनी आवाज चढवला नाही. "अवंदा म्या एकटी जाणार न्हाय. आईला फोनवरच सांगते, तुझी लेक माणसाला न्हाय, फ्रीजरला दिली."

फ्रीजरमध्ये कोजागरीचा साठ किलो खवा होता. कल्याणप्पांनी माझ्याकडं लई वेळ बघितलं. मग शेळीच्या पाठीवर ठेवावा तसा माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ गं बाई." खंडेनवमीच्या पहाटे दोघं निघाले. किल्ली शेजारच्या धुरपताबाईंकडं दिली.

"काय करायचं न्हाय वैनी. नुसती किल्ली ठेवा."

आता धुरपताबाईंना जन्मात काही नुसतं ठेवता आलेलं नाही. साडेअकराला त्या कुलूप काढून आत आल्या. खंडेनवमीला दुकानातली हत्यारं बिनपूजेची कशी ठेवायची? पाट मांडला. तराजू धुतला, खव्याचं उलथणं घासलं. मग माझ्याकडं नजर गेली. "ही तर रात्रंदिस राबती," म्हणाल्या, आणि मला भिंतीवरून काढून, वायर ओढून, ओल्या फडक्यानं पुसून पाटावर बसवलं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण काम ते काम. आत उणे अठरा होतं, बाहेर एकतीस. त्यांनी निरांजन ओवाळलं आणि मी चाळीसवर गेले. मी ओरडले.

पुढचं मला शांतम्मांच्या तोंडून कळलं. तिकडं म्हातारीनं जावयाला शेजारी बसवून घेतलं होतं. एका हातात जावयाचा हात, दुसऱ्या हातात होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी. अर्धी खाल्लीही होती. तेवढ्यात मोबाईल बोंबलला. कल्याणप्पांनी चाळीसचा आकडा बघितला आणि उठले. म्हातारी म्हणाली, "कुंद्री, कुंद्री," बसा, बसा. त्यांनी आपला हात सोडवून घेतला.

त्यांनी धुरपताबाईंना फोन लावला. बाईंचा फोन इकडं माझ्याशेजारीच होता, त्यावर आरती चालली होती. दोनदा वाजला, दोनदा त्यांनी "पूजेत कोण कडमडतंय" म्हणून बंद केला. मग फोन पाटाजवळच विसरून शेळ्यांना पाला आणायला गेल्या. मला जागेवर लावलं नाही. खंडेनवमीला मांडलेली पूजा दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. मी एकतीस, एकतीस ओरडत राहिले. आयुष्यात इतकं खरं आणि इतकं बिनकामाचं मी कधी बोलले नव्हते.

तीन गाड्या बदलून कल्याणप्पा दिवेलागणीला पोचले. आधी फ्रीजर उघडला. खवा दगडासारखा. मग फुलांखालचा हिरवा दिवा दिसला. मागून धुरपताबाई आल्याच.

"अवो, तुमी? उद्या यायचं व्हतं ना?"

"डबी कुणी काढली?"

"म्या. तराजूला पूजा, उलथण्याला पूजा, अन् हिनंच काय घोडं मारलंय?"

कल्याणप्पा तिथंच खाली बसले. रागावतील असं मला वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "सासूनं हात धरला व्हता वैनी. म्या सोडवून आलो."

धुरपताबाई त्यांच्यासमोर पाटाशेजारी टेकल्या. मग त्यांनी विचारलं, "खाल्लं का तिनं काय?"

"अर्धी होळगी."

"मग जावा की माघारी. उरलेली अर्धी तुमी बसल्याबिगर ती खायची न्हाय."

"आन् ही परत बोंबलली म्हंजी?"

"माझ्या फोनात घाला तिला. बोंबलू दे माझ्यापाशी. तुमच्या फोनातनं काढून टाका."

शिवांजलीनं सोलापुरातून फोनवर सांगत सांगत तसं करून दिलं. दसऱ्याच्या सकाळी मला भिंतीवर लावलं, वायर आत सारली, आणि कल्याणप्पा सासूला द्यायला आपट्याची पानं खिशात घालून गेले. मोबाईल गप्प. माणूस दोन वेळा परत वळला, पण गेला.

इकडं धुरपताबाईंनी मला डोक्यावर घेतलं. भाजीवाल्याला सांगितलं, उणे अठरा. मंदिरात सांगितलं, उणे अठरा. कुणी "बरं हाय का?" विचारलं की "अठरा हाय!" म्हणायच्या. गावानं फ्रीजरची एवढी चौकशी कधी केली नव्हती.

दुपारी पावणेतीनला आतला गारवा उतरू लागला. उणे चौदा. उणे अकरा. उणे नऊला मी बोंबलले. धुरपताबाई नव्या लुगड्यात पळत आल्या. वीज होती. फ्रीजर चालू होता. झाकण मात्र चार बोटं वर उचललेलं होतं, कारण आत कडेला एक पातेलं तिरकं बसवलं होतं. श्रीखंडाच्या चक्क्याचं. तासाभरापूर्वीच ठेवलेलं. धुरपताबाईंचंच.

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, पातेलं काढलं, झाकण दाबून बसवलं आणि मला बोट दाखवलं. "तू गप बस हां."

मला गप बसता येत नाही, ही माझी अडचण. मी लिहून ठेवलं.

कल्याणप्पा दोन रात्री राहून आले. म्हातारी जेवली होती. वर जावयाला "वाळलाय" म्हणून बोलली होती. शांतम्मा फ्रीजरला टेकून हे तीनतीनदा सांगत होत्या. कल्याणप्पांनी धुरपताबाईंचा फोन मागून घेतला आणि त्यात माझ्या आकड्यांची रेघ बघितली. सपाट माळरानात एक टेकाड उभं होतं.

"दसऱ्याला पावणेतीनला हे काय झालंय वैनी?"

"दसरा व्हता. सीमा सगळ्यांनीच ओलांडायची असती."

फ्रीजरच्या काठावर चक्क्याचा वाळका डाग होता. कल्याणप्पांनी तो अंगठ्यानं पुसला. आत तळहात घातला नाही.

"श्रीखंड कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"झकास," धुरपताबाई म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला.

कोजागरीला परात दुपारीच रिकामी झाली, आणि यंदा ती विकून रिकामी झाली. आता कल्याणप्पा महिन्याला आळंदला जातात. ऐकते ते असं, की म्हातारी वैतागली आहे. जावई घरात शिरला की आधी तिचा फ्रीज उघडून हात घालतो.

माझ्या कपाळावरचं कुंकू अजून निघालेलं नाही, दिवा हिरवा आहे, बॅटरी अर्धी उरली आहे. तुमचंही दुकान असेल, दूध, खवा, कुल्फी, औषधं, काही गार ठेवायचं असेल, तर माझ्यासारखी एक जरूर लावा. उगाच कौतुक करत नाही, माझ्यामुळं एक माणूस सासूशेजारी बसून जेवला. फक्त मी कुणाच्या फोनात ओरडायचं ते नीट ठरवा. दूर गेलेला मालक माझं ऐकून नुसता घाबरतो. पळत येऊन झाकण लावायला भिंतीपलीकडचंच कुणी लागतं. आणि त्यांचं पातेलं आत सापडलं, तर मी सांगेनच. तुम्ही मात्र श्रीखंड कसं झालं तेवढंच विचारा.