आवाज बंद ठेवून ओळखलेली सम्राज्ञी

ठकी दुपारी एकदाच झोपते, जेमतेम चाळीस मिनिटं. नऊ महिन्यांची माझी लेक, पण झोप मांजरीची. चमचा पडला तरी जागी. त्या चाळीस मिनिटांत मी जेवते किंवा लिहिते. बहुतेक वेळा घास तोंडात कोंबून लिहिते.

एका वेबसाइटवर दर बुधवारी माझं सदर यायचं. प्रसिद्ध माणसांच्या मुलाखती बघायच्या, त्यांचं बसणं, हसणं, हातवारे टिपायचे आणि सोळा स्वभावप्रकारांपैकी हा माणूस कुठला ते सांगायचं. हा ‘साधक’, ती ‘सखी’, तो ‘विदूषक’. बाळंतपणानंतर माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

त्या आठवड्यात मी मालिकेतल्या एका नटीवर लिहिलं. इतक्या वर्षांत तिने दिलेली ही पहिलीच मुलाखत. पाळण्याशेजारी फरशीवर बसून मी ती तीनदा पाहिली. प्रश्न आला की नटी नजर वळवायची, ओठ घट्ट मिटायची, समोरच्याला ताटकळत ठेवायची. एकदा तर तळहात दाखवून तिने मुलाखतकाराला गप्पच केलं. मी लिहिलं: ‘सम्राज्ञी. ही बाई गप्प राहून सत्ता गाजवते. समोरचा माणूस तिच्या खिजगणतीतही नाही.’ काय नेमकं वाक्य जमलंय, असं वाटून मी स्वतःवरच खूश झाले.

लेख वाऱ्यासारखा पसरला. संपादिकाताईंचा फोन आला, “आता तुझं सदर पहिल्या पानावर. कायमचं!” मी ठकीला उचलून गोल गोल फिरवलं.

शुक्रवारी सासूबाई आल्या. त्या नटीची मालिका त्या एक दिवस चुकवत नाहीत. चष्मा लावून त्यांनी लेख वाचला आणि फोन पालथा ठेवला.

“ही मुलाखत तू बघितलीस?”

“तीनदा, आई.”

“बघितलीस गं. ऐकलीस का?”

“ठकी झोपलेली असते ना. आवाज बंदच ठेवते मी. आणि कानात काही घालावं तर हिची चुळबुळ कशी कळणार? तसंही मला हातवारेच बघायचे असतात.”

“शहाणी आहेस,” त्या म्हणाल्या. “दे ती पोर इकडे. आता ऐक.” ठकीला घेऊन त्या गॅलरीत गेल्या.

मी ऐकलं. नटी अडखळत सांगत होती: पाठ केलेले संवाद सरळ येतात, पण स्वतःचं काही बोलायला गेलं की शब्द घशात रुततो. म्हणून आजवर मुलाखत दिली नाही. आज देतेय, कारण माझ्यासारखी मुलं वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाहीत. एवढं सांगायला तिला चार मिनिटं लागली. तळहात दाखवला तेव्हा मुलाखतकार तिचं वाक्य स्वतःच पुरं करायला धावला होता. “थ... थांबा,” ती म्हणाली, “म... मला म्हणू द्या.”

मुलाखतीखाली प्रतिक्रियांचा खच पडला होता. माझा लेख वाचून आलेले लोक. ‘माज बघा हिचा.’ ‘तोंड उघडायचेसुद्धा महाराणीला कष्ट.’ काहींनी तर माझीच वाक्यं जशीच्या तशी चिकटवली होती.

सासूबाई आत आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “रडणं नंतर. आधी तुझ्या त्या संपादिकाबाईंना फोन कर.”

मी केला. संपादिकाताई सगळं ऐकून म्हणाल्या, “अगं, मग काढून टाकू लेख. आठ दिवसांत लोक विसरतील.”

“नुसता काढून नाही चालणार, ताई. मी आवाज बंद ठेवून पाहिलं, हे छापा. त्याच जागी, माझ्या नावाने.”

“वेडी आहेस का? मग आधीचे तीस लेख?”

“तेही तसेच लिहिलेत.”

ताईंनी बजावलं, “हे छापलं तर सदर बंद होईल, कळतंय ना तुला?”

कळत होतं. बुधवार गेला, पहिलं पान गेलं, दुपारची ती चाळीस मिनिटं पुन्हा भांडी आणि लंगोट यांची झाली. “छापा,” मी म्हटलं.

माफीनामा साडेतीनशे लोकांनी वाचला. नटीलाही मी चार ओळी पाठवल्या. उत्तर आलेलं नाही, आणि ते मागायचा मला हक्कही नाही.

काल मावसबहिणीचा निरोप आला. कुणीकुणी पुढे पाठवत पाठवत तिच्यापर्यंत पोचलेला तो लेख, खाली नाव नसलेला. वर तिने लिहिलं होतं, ‘वाच गं, काय अचूक ओळखलंय त्या बयेला!’

ठकी नुकतीच झोपली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन बहिणीला फोन लावला.

“ते मी लिहिलंय,” मी म्हटलं. “आणि ते खोटं आहे. तुला कुणी पाठवलं ते सांग. त्यांनाही फोन करायचाय.”