बेबीनंदाच्या चकत्यांची किनार

बेबीनंदाच्या लग्नाला दोन दिवस राह्यले होते, अन् रुखवतातल्या पाच चकत्यांना अजून किनार न्हवती.

ही गोष्ट आष्टीची, दोन हजार चार सालची. पुण्याच्या मावसबहिणीनं तिला पॉलिमर क्लेची दोन पाकिटं धाडली होती. ही रंगीत माती कणकेवानी मळायची, लाटायची, अन् नानकटाईच्या गोल ओव्हनमधी भाजली की घट्ट होती. बेबीनंदानं डब्याच्या झाकणानं चकत्या कापल्या अन् वर सनई, कळस, तुळस, मोर, जोडवे काढले. चित्रं देखणी, पन कडा उंदरानं कुरतडल्यावानी.

रुखवत बघायला घनसावंगीहून प्रभावतीबाई येणार होत्या. होणाऱ्या नवऱ्याची चुलती, शाळेत शिवणकाम शिकवायच्या. वस्तू नुसती बघून त्यांचं भागत न्हवतं. उलटी करायच्या, कडेला नख लावायच्या.

बेबीनंदा मातीची दोरी वळायची, ती कुठं गोगलगाय तर कुठं दोरा. शेजारी द्वारकाआत्या लसूण सोलत बसली होती.

"आन इकडं," आत्या म्हनली. "माझी एक शेवई आष्टीपासून पार परतूर गावापत्तुर गेल्ती. बायांनी तिच्यावर धुणं वाळू घातलं."

"मागल्या वर्षी ती निम्म्या रस्त्यातच संपली होती, आत्या."

"मंग वर्षभरात वाढली."

"थापा नको. खरंच जमंल का?"

"जमंल."

आत्यानं पाट घेतला, मातीचा गोळा ठेवला अन् तळहात असा फिरवला की दोरी आपोआप लांबत गेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी. चकतीच्या कडेला फिरवली, दोन्ही टोकं ब्लेडनं तिरपी कापून एकमेकाला भिडवली. सांधा कुठंय ते बेबीनंदालाबी दिसंना. फक्त दोरी बसवायच्या आधी आत्या वाटीतल्या दुधात बोट बुडवून कडेवरून फिरवत होती. करंजी मिटताना फिरवतात तसं. बेबीनंदानं ते बघितलं, पन त्यात काही वावगं वाटलं न्हाई. करंजीला तीबी तसंच करती.

चकत्या भाजून झाल्या, ओव्हन थंड झालं. तिनं कळसाची चकती उचलली. चकती वर आली, किनार खालीच राह्यली. मंग मोर. मंग तुळस. पाचीच्या पाची.

माती तर सगळी संपली होती. बेबीनंदा खाली बसली.

आत्यानं दुधाची वाटी लांब सारली. मंग म्हनली, "दुधानं घात केला. माझं चुकलं, बाई."

बेबीनंदानं एक किनार हातात घेतली. बांगडीवानी गोल, कुठं चीर न्हाई. चकतीवर ठेवून बघितली तर बराबर बसली. ती उठली, अन् चौकातल्या चांभाराकडून चपलेच्या सोल्युशनची ट्यूब घेऊन आली. सांजेपर्यंत दोघींनी पाची किनारी परत बसवल्या.

लग्नादिवशी प्रभावतीबाई रुखवतापुढं थांबल्या. मोराची चकती उचलली, उलटी केली, कडेला नख लावलं. किनार हलली न्हाई.

"सांधा कुठं हाय हिचा?" त्यांनी इचारलं. "कशी बसवली?"

बेबीनंदा काही बोलायच्या आत आत्या पुढं झाली.

"मी दूध लावून बसवली होती. भाजल्यावर पाचीबी निखळून पडल्या. मंग पोरीनं चपलेच्या सोल्युशननं चिकटवल्या."

आष्टीच्या बाया आधी हसल्या. त्यांचं बघून घनसावंगीच्या हसल्या.

"झालं का सुरू तुमचं," शेजारची कांताबाई म्हनली. "ताई, मनावर घेऊ नका. हिच्या शेवईवर गावचं धुणं वाळतं."

प्रभावतीबाईंनीबी तोंडाला पदर लावला. चकती जपून जाग्यावर ठेवली अन् बेबीनंदाला म्हनल्या, "न्हाई सांगायचं तर नको सांगू. पन सासरी आल्यावर मला शिकव."

त्या जेवायला गेल्यावर बेबीनंदानं आत्याला चिमटा काढला. "खरं सांगायला कुन्ही सांगितलं होतं?"

"एकदा खरं बोलून बघितलं," आत्या म्हनली. "कुन्ही ऐकून घेतंय का बघ."