एक खोडलेला ‘वीक’

कोडमध्ये डेलिगेटच्या, म्हणजे जिच्यावर काम सोपवलंय त्या दुसऱ्या वस्तूच्या, आधी ‘वीक’, म्हणजे ‘सैल धर’, लिहायला कोणी विसरलं, की मी अख्ख्या टीमसमोर त्याची हजेरी घ्यायचो. “दोन वस्तूंनी एकमेकींना घट्ट धरलं, तर मेमरी मोकळी होणार कशी? एकीने तरी सैल धरा!”

दवाखान्यांसाठीचं आमचं ॲप तासाभरात जड होऊन बंद पडू लागलं, तेव्हा मी थेट ताईंकडे बोट दाखवलं. ताई माझ्याहून मोठ्या, दहा वर्षं घरी राहून नोकरीवर परतलेल्या. रुग्णांच्या यादीत फोटो त्यांनीच नुकते घातले होते. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी उचलली जीभ लावली टाळ्याला. “ताई, मेमरी हल्ली आपोआप सांभाळली जाते. डोकं मात्र स्वतःच चालवावं लागतं.”

सगळे हसले. ताईंना नोकरीत कायम करायचं की नाही, हे शुक्रवारी मी कळवणार होतो. ‘नको’ असं लिहूनही ठेवलं होतं.

गुरुवारी दुपारी, पुरावा जोडावा म्हणून मी रुग्णांच्या यादीच्या फाइलचा इतिहास, म्हणजे कोणती ओळ कोणी कधी बदलली त्याची नोंद, उघडला. डेलिगेटच्या ओळीला ताईंनी हातही लावला नव्हता. ‘वीक’ मी खोडला होता, दीड वर्षापूर्वी, ग्राहकाला ॲप दाखवायच्या दिवशी. ‘वीक’ असताना डेलिगेटला घट्ट धरणारं दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे तो तयार होताच नाहीसा व्हायचा आणि बटण चालायचं नाही. शब्द काढला, बटण चाललं, मला शाबासकी मिळाली. शेजारी माझाच शेरा होता: ‘तात्पुरतं. उद्या नीट करतो.’ तेव्हापासून मेमरी अडकून राहत होती; जड फोटोंमुळे फक्त ती गळती उघडी पडली होती.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगतो, पहिला विचार गुपचूप दुरुस्त करून टाकायचाच आला, आणि त्याची लाज अजून जास्त वाटते.

मी ताईंच्या टेबलापाशी गेलो. “ताई, ती चूक माझी होती.”

“माहीत आहे. मी सोमवारीच बघितलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“सगळे हसत होते. आणि मला नोकरी हवी आहे.”

 मी म्हणालो, “आत्ता सगळ्यांना बोलावतो. सगळ्यांसमोर कबूल करतो.”

“थांबा. आधी मला कायम केल्याचं लिहून द्या. कबूल केल्यावर तुम्हाला माझाच राग आला, तर मी काय करू?”

मी त्यांच्याच खुर्चीत बसून लिहिलं. पाठवेपर्यंत त्या मागे उभ्या राहून एकेक ओळ वाचत होत्या.